कार्टूनमधला तो बिचारा आणि ती वाईट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना लागला आणि चाकरमानी गावात उतरले की मालवणजवळच्या आमच्या वाडीत दुपारी खळ्यात पोरांचा गराडा पडतो. मधे एक टॅब, भोवती बारा-पंधरा डोकी, बाजूला फणसाचे गरे. मी त्या सगळ्यांची आते. वर्षभर प्राथमिक शाळेत शिकवते आणि सुट्टीत यांच्याबरोबर बसून कार्टून बघते. दोन वर्षांपूर्वी पोरांनी ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ ही मालिका तीन आठवड्यांत संपवली आणि पडवीच्या भिंतीवर तिच्यातली चित्रं काढून लावली. त्यातल्या राजपुत्राची, झुकोची, चित्रं सात होती. त्याच्या बहिणीचं, अझुलाचं, एकच होतं. दुसऱ्या दिवशी बघते तर कुणीतरी चुलीतल्या कोळशाने तिच्या तोंडावर रेघोट्या मारल्या होत्या. मी त्याबद्दल बोलायला लागले तशी पोरांच्या आया, मावश्या, कॉलेजात जाणारे भाचे, सगळेच मला काही ना काही विचारू लागले. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवते.

अझुला वाईटच आहे ना? मग पोरांनी तिचा राग केला तर चुकलं काय?

राग करण्यात काहीच चुकलं नाही. माझी तक्रार वेगळी आहे. एकाच घरातली दोन मुलं आणि त्यांना आपण मोजतो दोन मापांनी, हे मला खटकतं.

मालिका २००५ ते २००८ या काळात आली, एकूण ६१ भाग. झुको सोळा वर्षांचा आणि अझुला चौदा. बाप एकच, अग्निराज्याचा राजा ओझाई. झुको तेरा वर्षांचा असताना बापाने भर सभेसमोर त्याचा चेहरा जाळला आणि त्याला हद्दपार केलं. आई दोघांचीही लहानपणीच दूर गेली. पुढे झुको काय काय करतो ते आठवा. नायकाचा, आंगचा, पाठलाग करताना त्याच्या माणसांच्या हातून कियोशी बेटावरचं गाव पेटतं. ज्या काकाने त्याला जपलं, त्याच काकाला तो दगा देतो. नायकाला मारायला मारेकरी धाडतो. तरी आमच्या खळ्यात त्याचं नाव निघालं की एकच वाक्य येतं, ‘त्याच्या बाबांनी त्याला जाळलं होतं ना.’

अझुलाही कमी नाही. ती नायकावर पाठीमागून वीज सोडते, मैत्रिणींना धमकावून आपल्या बाजूला ठेवते, अख्खा मुलूख जाळून टाकायचा सल्ला बापाला देते. हे भयंकर आहे आणि मी ते झाकून ठेवत नाही. पण तिच्याबद्दल पोरं काय म्हणतात? ‘ती येडीच आहे.’ ‘ती पहिल्यापासूनच तशी.’ बाप तिचाही ओझाईच. ज्या घरात नापास होणाऱ्याचा चेहरा जाळला जातो, त्या घरात अकरा वर्षांच्या मुलीने ते समोर बसून पाहिलं. कधीच नापास व्हायचं नाही, हे ती तिथेच शिकली असेल, असं कुणाच्या मनात येत नाही. मुलग्याने वाईट केलं की आपण कारण शोधतो. मुलीने केलं की तो तिचा स्वभाव ठरतो.

पण झुको सुधारतो, माफी मागतो. अझुला शेवटपर्यंत सुधारत नाही. हा फरक मोठा नाही का?

मोठा आहे, आणि हा प्रश्न विचारणाऱ्यांचं मला नेहमी पटतं. काकापुढे मान खाली घालून बसलेला झुको बघताना माझेही डोळे भरतात. तो प्रसंग मी कितीही वेळा बघू शकते.

फक्त एवढं बघा, की सुधारायला त्याच्याजवळ काय होतं. आयरो काका होता. बोटीवर, वाळवंटात, चहाच्या दुकानात, तीन वर्षं तो या पोराच्या मागे सावलीसारखा राहिला. अझुलामागे कोण राहिलं? त्याच काकाने बा सिंग से शहराच्या वेढ्यावरून भावंडांना भेटी धाडल्या होत्या. पुतण्याला शरण आलेल्या सेनापतीचा खंजीर आणि पुतणीला बाहुली. लढाईची विद्या घरात सगळ्यात लवकर जिला जमली, तिला बाहुली. ती बाहुली अझुला जाळून टाकते, आणि बघणारे म्हणतात, ‘बघा, लहानपणापासूनच दुष्ट.’ आपल्या घरातही भावाला बॅट आणि बहिणीला भातुकली येते. बहिणीने भातुकली भिरकावली तर आपण तिचा हट्ट बघतो. तिला काय हवं होतं हे विचारायचं राहूनच जातं.

पुढे हाच प्रेमळ काका तिच्याबद्दल सांगतो की ती वेडी आहे, तिला खाली पाडायलाच हवं. हा काका स्वतः एकेकाळी त्या शहराला सहाशे दिवस वेढा घालून बसलेला सेनापती होता. त्याचा भूतकाळ सगळ्यांनी माफ केला. मीही केला, मला तो फार आवडतो. पण सहाशे दिवसांचा वेढा आपण विसरू शकतो आणि चौदा वर्षांच्या मुलीबद्दल एक प्रश्नही विचारू शकत नाही, याचं मला वाईट वाटतं.

म्हणजे पक्षपात बघणाऱ्यांचा की लिहिणाऱ्यांचा?

दोघांचा, आणि तो एकमेकांवर पोसतो. पॅरिसमधल्या ‘मिरॅक्युलस’चं बघा. २०१५ पासून चालू आहे, आमच्याकडच्या मुलींना पाठ आहे. त्यातली क्लोई महापौराची लाडावलेली मुलगी, वर्गातल्यांना छळणारी. तिची आई इतकी अलिप्त, की लेकीचं नावही चुकीचं घेते. मधे क्लोईला चांगलं होण्याची एक वाट दाखवली, तिला नायकांच्या बाजूने लढूही दिलं. मग ती वाट लेखकांनीच बंद केली. याच मालिकेत फेलिक्स आहे. नायकांनी जपलेली जादूची रत्नं तो सरळ खलनायकाच्या हातात देतो. त्याच्या वाट्याला मात्र क्रूर बापाची गोष्ट येते, प्रेम येतं, समजून घेणं येतं. आणि मुख्य खलनायक गॅब्रिएल, ज्याने पाच पर्वं अख्ख्या शहराला वेठीस धरलं, तो शेवटी लोकांच्या आठवणीत वीर ठरतो, त्याचा पुतळा उभा राहतो. तो तर मोठा माणूस. क्लोई शाळकरी पोर.

हे पाहून माझी भाची म्हणाली, ‘आते, पुतळा बरोबर नाय.’ दहा वर्षांच्या मुलीला ते आपणहून कळलं.

हे सगळं परदेशी कार्टूनचं झालं. आपल्याकडे असं असतं का?

आपल्या कार्टूनमध्ये मुली मुळात खलनायिका होतच नाहीत, हीच पहिली गोष्ट. २००८ साली सुरू झालेल्या ‘छोटा भीम’मध्ये दादागिरी करायची ती कालियाने, त्याच्या मागे ढोलू-भोलू. पोरं कालियाला हसतात, त्याच्यावर जीवही लावतात. चुटकीने लाडू करायचे. खोडी काढण्याची मुभाही मुलग्यालाच. २०२० मध्ये भीमचं लग्न इंदुमतीशी होणार अशी चर्चा उसळली आणि चुटकीला न्याय द्या म्हणून लोकांनी गलका केला, तेव्हा ही सगळी पात्रं अजून लहान मुलं आहेत, असं निर्मात्यांना जाहीर सांगावं लागलं. लहान मुलीच्या पात्राकडे आपण आधी लग्नाच्या नजरेने बघतो, ती खोडकर की गुणी हे नंतर.

‘डोरेमॉन’ जपानी, पण हिंदीतून आपल्याच घरात वाढलेला. जियान रोज नोबिताला बदडतो आणि मोठ्या चित्रपटांत तोच जिवाला जीव देणारा मित्र होतो. सगळ्यांना तो आवडतो. त्याची बहीण जायको कुणाला मारत नाही. ती मन लावून चित्रकथा काढते. पण मूळ गोष्ट सुरू होते ती नोबिताचं तिच्याशी लग्न होणार, या संकटापासून. डोरेमॉन भविष्यातून येतो त्यामागे हेही एक कारण. त्या मुलीचा गुन्हा काय, हे मी मुलांना विचारलं तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक जण म्हणाला, ‘ती जाडी आहे.’

आणि कार्टूनच्याही आधीपासूनचं सांगायचं तर आपल्या कोकणाला खलनायकाचं प्रेम शिकवावं लागत नाही. दशावतारात संकासूर रंगमंचावर आला की लहान मुलं सरसावून पुढे बसतात. तो वेद चोरणारा असुर, पण त्याची मालवणी ऐकायला माणसं रात्र जागवतात. रत्नागिरीकडे शिमग्यात काळ्या कपड्यांतला संकासूर घुंगरं वाजवत येतो तेव्हा पोरं किंचाळत पळतात आणि पुन्हा त्याच्याच मागे लागतात. नरकचतुर्दशीला आदल्या रात्रीपर्यंत जागून पेंढा भरून नरकासुर करायचा, त्याच्या सुळ्यांना रंग द्यायचा, आणि पहाटे त्याला जाळताना थोडं हळहळायचंही. कर्णाबद्दल तर मराठी माणसाने किती प्रेमाने लिहिलं आणि वाचलं आहे. भर सभेत द्रौपदीला तो जे बोलला ते आपल्याला ठाऊक असतं. तरी त्याचा अपमान, त्याचं पोरकेपण आपण आधी आठवतो.

आता बायकांची नावं घ्या. कैकेयी, मंथरा, शूर्पणखा, पूतना. ही नावं आपण शिव्यांसारखी वापरतो. दशरथाने दोन वर देऊन ठेवले होते, तरी वनवासाचा सगळा दोष कैकेयीच्या माथी. पूतनेचं मला सगळ्यात जास्त वाटतं, कारण भागवताच्या दहाव्या स्कंधात तिला आईला मिळावी तशी गती मिळाल्याचं सांगितलं आहे. विष पाजायला आली, तरी तिने बाळाला जवळ घेतलं होतं. एवढी क्षमा आपल्याच ग्रंथात लिहिलेली असताना, रडणारं मूल कडेवर घेणाऱ्या बाईला चेष्टेत ‘पूतनामावशी’ म्हणायला आपली जीभ अडखळत नाही.

शब्दांवर एवढं अडून बसायचं कशाला?

कारण मुलं शब्दांतूनच माप शिकतात. मुलग्यासाठी आपल्याकडे वांड, द्वाड, व्रात्य, खोडकर असे शब्द आहेत. यातला एकही त्याला आयुष्यभर चिकटत नाही. मोठा झाला की सुटतो. मुलीसाठी आगाऊ, तोंडाळ, शिष्ट, भवानी, कैदाशीण. हे शब्द बाईचे आहेत, मुलीचे नाहीत. चौदा वर्षांच्या पात्राला आमच्या खळ्यात ‘कैदाशीण’ म्हटलेलं मी ऐकलं आहे. म्हणणारी मुलगी नऊ वर्षांची होती. तिने तो शब्द घरातूनच उचलला असणार.

मी सातवीत होते तेव्हा भावाने आणि मी शेजारच्या परसातल्या पायरीच्या आंब्यावर दगड मारले. एक दगड कौलावर गेला. कौल फुटलं. शेजारी आले, त्यांनी भावाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि हसत आजीला म्हणाले, ‘झील मा तो, करतलोच.’ (मुलगाच तो, करणारच.) माझ्याकडे वळून म्हणाले, ‘चेडवाक ह्यां शोभता? ह्यां पुढे खयच्या घरात नांदतला?’ (मुलीला हे शोभतं? ही पुढे कुठल्या घरात नांदणार?) दगड कुणाचा लागला हे त्यांनी विचारलंच नाही. तो माझाच होता, आणि मला माफीही मागायची होती. पण त्यांनी मी काय केलं ते सोडून मी कशी आहे तेच ठरवलं, तेव्हा माफी घशातच राहिली. अझुला शेवटच्या भागात साखळदंडात अडकून हुंदके देते, तोंडातून ज्वाळा सोडते, तेव्हा मला ते कौल आठवतं.

मुलग्यांची पात्रं दिसायला देखणी काढतात म्हणून असं होतं का?

थोडं होतं, विशेषतः अकरावी-बारावीतल्या मुलींमध्ये. पण अझुलाही देखणीच काढली आहे आणि त्याने तिला काही फायदा झालेला दिसत नाही. उलट ‘दिसायला चांगली आणि आतून काळी’ असा आणखी एक ठपका बसतो.

मुलीच तर खलनायिकांवर जास्त चिडतात. मग याला मुलींविरुद्धचा पक्षपात कसं म्हणता?

हा प्रश्न माझ्या एका मैत्रिणीने विचारला आणि उत्तर द्यायला मला बरेच दिवस लागले.

मुली क्लोईवर चिडतात, कारण वर्गात त्यांना क्लोई भेटलेली असते. कुणाच्या वेणीवरून, कुणाच्या डब्यातल्या सुक्या बांगड्याच्या वासावरून हसणारी, बाकीच्यांना ‘तिच्याशी बोलू नका’ म्हणून सांगणारी. तो ओरखडा खरा असतो आणि तो कमी लेखू नये. झुकोसारखा आग फेकणारा राजपुत्र कुणाला भेटलेला नसतो, म्हणून त्याला माफ करणं सोपं जातं. जियान भेटलेला असतो, पण त्याचा मार पाठीवर बसतो, आणि मार विसरता येतो असं आपण मुलांना शिकवलेलं असतं.

एवढं समजून घेतलं तरी माझं म्हणणं उरतंच. ज्या मुलीला वर्गातल्या क्लोईचा त्रास झाला, तिने पडद्यावरच्या क्लोईला माफ करावं असा आग्रह मी धरणार नाही. मात्र तीच मुलगी वर्गात छळणाऱ्या मुलग्याबद्दल ‘त्याच्या घरी भांडणं असतात ना’ असं म्हणत असेल, तर तिथे थांबून विचारावं, की त्या क्लोईच्या घरी काय असेल?

मग झुकोवर प्रेम करायचं नाही का?

करा. भरपूर करा. त्याच्यावरचं प्रेम कमी झाल्याने अझुलाला काही मिळणार नाही.

खलनायिकेला माफी मिळालीच पाहिजे, असं तुमचं म्हणणं आहे का?

नाही. काही पात्रं शेवटपर्यंत वाईट राहावीत, मुलीसुद्धा. मुलींना फक्त गोड किंवा फक्त सुधारलेल्या भूमिका द्यायच्या, हाही अन्यायच आहे. समजून घेणं, माफ करणं आणि आवडणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मुलांना त्यांतला फरक आपल्या अपेक्षेपेक्षा लवकर कळतो. मला फक्त समजून घेणं दोघांच्या वाट्याला सारखं यावं, एवढं हवं आहे.

एखादं चांगलं उदाहरण आहे का, मुलांना दाखवण्यासारखं?

आहे. ‘शी-रा’ची २०१८ ते २०२० मधली नवी मालिका. त्यातली कॅट्रा. तिला वाढवणारी शॅडो वीव्हर दुसऱ्या मुलीला, अडोराला, जवळ करते आणि चुकांची शिक्षा मात्र कॅट्राला देते. मैत्रीण सोडून गेल्यावर कॅट्रा इतकी कडवट होते की जग मोडायला निघते. लेखकांनी तिला घाईने गोड केलं नाही. पाच पर्वं लागली, आणि परत येताना तिला आपण काय केलं ते बघावं लागलं. साधारण दहा वर्षांच्या पुढच्या मुलांबरोबर बघा, शेजारी बसून बघा. कॅट्रावर चिडणारेही खूप आहेत, पण तिच्या बाजूने बोलणारेही तितक्याच जोरात बोलतात. मुलीच्या पात्राला वेळ दिला तर बघणारे येतात तिच्यामागे.

मुलांशी हे बोलायचं कसं? उपदेश केला की ती उठून जातात.

माझ्याही समोरून उठून गेली. पहिल्या दिवशी मी भाषण केलं आणि पंधरा मिनिटांत खळा रिकामा झाला, सगळी करवंदं काढायला पळाली.

दुसऱ्या दिवशी लाईट गेली होती. मी म्हटलं, गोष्ट सांगते. झुको-अझुलाचीच सांगितली, पण नावं काढून आणि अदलाबदल करून. एक राजकन्या, बापाने तिचा चेहरा जाळला, तिच्यामुळे गाव पेटलं, तिने काकीला दगा दिला. आणि तिचा धाकटा भाऊ, सगळ्यात हुशार, बापाचा लाडका, मित्रांना धाकात ठेवणारा. शेवटी मित्र सोडून जातात, बाप त्याला मागे ठेवून निघून जातो, आरशात त्याला आई दिसते आणि तो आरसाच फोडतो.

मुलं काय म्हणाली ते जसंच्या तसं सांगते. राजकन्येबद्दल: ‘काकीला फसवलं ना तिने? मग काकीने परत कशाला घेतली?’ राजपुत्राबद्दल, त्याच मुलग्याने ज्याने अझुलाला येडी म्हटलं होतं: ‘त्याला कुणीच नव्हतं, म्हणून तो तसा झाला.’ मग माझ्या भाचीच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ती ओरडली, ‘आते, ही अझुला आहे!’ त्यानंतर जे भांडण झालं ते लाईट आली तरी थांबलं नाही. मी एक शब्दही बोलले नाही.

घरी करून बघायचं असेल तर एवढंच करा. निकाल आपण सांगायचा नाही. मुलं चुकीचं बोलली तरी मधे पडायचं नाही, त्यांच्यातलंच कुणीतरी पडतं. चार-पाच वर्षांच्या मुलांसोबत हे करू नका, त्यांना नावं बदललेली गोष्ट नुसती गोंधळात टाकते.

यात मुलग्यांचं काही नुकसान होतं का?

होतं. ज्याला सतत ‘करतलोच’ म्हणून सोडलं जातं, त्याला आपल्या करण्याचा हिशोब कधी द्यावाच लागत नाही. झुकोला तो द्यावा लागला, म्हणून तर तो आपल्याला आवडतो. पण आमच्या खळ्यातले मुलगे त्याच्या चेहऱ्यावरचा डाग तेवढा लक्षात ठेवतात. त्याने मागितलेली माफी त्यांना आठवून द्यावी लागते.

अझुला पुढे बरी होते का?

हा प्रश्न सगळ्यात लहान मुलीने विचारला, पहिलीतल्या. तिला मी खरं सांगितलं. मालिकेत ती बरी होत नाही. २०१३ मध्ये आलेल्या चित्रकथांमध्ये आईला शोधायला भावाबरोबर जाते, आणि शेवटी एकटीच जंगलात पळून जाते. झुको तिला हाका मारतो. त्यानंतरही तिच्यावर चित्रकथा निघाल्या आहेत, म्हणजे लिहिणाऱ्यांनी तिला सोडून दिलेलं नाही.

तिने विचारलं, ‘जंगलात जेवते काय ती?’ मला उत्तर सुचलं नाही. संध्याकाळी पडवीत गेले तर कोळसा फासलेलं चित्र कुणीतरी ओल्या फडक्याने पुसायचा प्रयत्न केला होता. कागद फाटला होता. शेजारी नवा कागद लावलेला होता, त्यावर खूप झाडं, मधे अझुला, आणि तिच्या हातात आंबा.